पावतीपासून सुरुवात: सर्वंकष सत्तेचे चित्रपट शेजारी ठेवून पाहताना

वसईतल्या पापडीत आमच्या आळीत पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण एका घराच्या माडीवर जमतो. भिंतीवर पांढरी चादर, शेजारच्या मुलाने आणलेला प्रोजेक्टर, आणि वीज टिकली तर एक चित्रपट. एकदा टेरी गिलियमचा ‘ब्राझील’ (1985) लावला होता. त्यात सुरुवातीलाच एका सरकारी कचेरीत मेलेली माशी छपाईयंत्रात पडते. ‘टटल’ या आडनावाचं ‘बटल’ होतं आणि शिपाई भलत्याच माणसाच्या घरात छत फोडून उतरतात. बायकामुलांदेखत त्याला पोत्यासारखं बांधून नेतात. मग एक साहेब बायकोसमोर कागद धरतो: इथे सही करा, ही नवऱ्याची पावती तुम्हाला, आणि ती पावती मिळाल्याची पावती आम्हाला.

“माणूस नेला आणि पावती दिली गं बाई!” मागे बसलेल्या मावशी मोठ्याने म्हणाल्या. आम्ही सगळे बंदुका बघत होतो, मावशींनी पावती बघितली. रेशनकार्डावरच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करून घ्यायला त्यांनी कितीतरी खेपा घातल्या होत्या. कागदाचा धाक काय असतो हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून मी असे चित्रपट वेगळ्या तऱ्हेने पाहू लागले. लोक म्हणतात, हे सगळे सिनेमे सारखेच. करडे कपडे, मोठा पडदा, त्यावर हुकूमशहाचा चेहरा, शेवटी बंड. वरवर पाहिलं तर तसं वाटतं खरं. पण दोन चित्रपट शेजारी ठेवून, क्रमाने काही प्रश्न विचारत गेलं तर प्रत्येकाने सत्तेचं यंत्र वेगळं उघडून दाखवलेलं दिसतं. त्यासाठी चित्रपटाचा अभ्यासक्रम केलेला असण्याची गरज नाही. एक वही आणि दोन संध्याकाळी पुरतात.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ‘डिस्टोपिया’ म्हणजे कल्पनेतलं असं राज्य, जिथे सगळं शिस्तीत आणि सुरळीत चाललंय असा दावा असतो, आणि माणसाचा मात्र श्वास कोंडतो. आपण त्याला दुःस्वप्नाचं राज्य म्हणू. दुसरा शब्द ‘सर्वंकष सत्ता’. इथे पुष्कळांची गल्लत होते, कारण साधी हुकूमशाही आणि सर्वंकष सत्ता एकच समजली जाते. साध्या हुकूमशहाला आपण गप्प बसलो की पुरतं. सर्वंकष सत्तेला तेवढ्याने भागत नाही. आपण मनापासून ‘हो’ म्हणावं, घरात काय बोलतो, कुणावर प्रेम करतो, कालचं काय आठवतो, हे सगळं तिच्या हातात असावं असं तिला वाटतं.

आता पहिली पायरी, जोडी निवडणं. दोनच चित्रपट घ्या, पाच नकोत. आणि दिसायला सारखे घेऊ नका. ‘हंगर गेम्स’ आणि ‘डायव्हर्जंट’ शेजारी ठेवले तर वेशभूषेची तुलना होते, पुढे काही हाती लागत नाही. मी सुचवेन ती जोडी ऐकून आपण चमकाल: मायकेल रॅडफर्डचा ‘नाइन्टीन एटी-फोर’, आणि आपला ‘घाशीराम कोतवाल’.

पहिला जॉर्ज ऑर्वेलच्या 1949 सालच्या कादंबरीवरचा. जॉन हर्ट त्यात विन्स्टन स्मिथ झाला आहे, आणि छळ करणाऱ्या ओब्रायनच्या भूमिकेत रिचर्ड बर्टन; बर्टनचा हा शेवटचा चित्रपट. कादंबरीतली गोष्ट ज्या 1984 सालात घडते, त्याच सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी लंडनमध्ये त्याचं चित्रीकरण झालं.

दुसरा विजय तेंडुलकरांच्या नाटकावरचा. जब्बार पटेलांनी बसवलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात झाला, 19 प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेने थांबवलं, आणि मग त्यातल्याच कलाकारांनी थिएटर अकादमी काढून ते पुन्हा उभं केलं. चित्रपट आला 1976 मध्ये. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशी चौघांची नावं दिग्दर्शक म्हणून आहेत. नाना फडणवीस मोहन आगाशे, आणि घाशीराम ओम पुरी, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. बरीच वर्षं हा चित्रपट बघायलाच मिळत नव्हता. नंतर बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत त्याची प्रत हाती लागली. आपल्याला तो सापडला नाही तर हिरमुसू नका. नाटकाची छापील संहिता सहज मिळते, ती वाचूनही पुढच्या सगळ्या पायऱ्या चढता येतात.

पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट डिस्टोपिया कशी, असं आपण विचाराल. डिस्टोपिया भविष्यातच असावा असा नियम नाही. घाशीराम सावळदास नावाचा कोतवाल पुण्यात खरोखर होता. 1791 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. पण आपलं नाटक ऐतिहासिक नाही, असं तेंडुलकर बजावून सांगत. कुठल्याही काळात असा घाशीराम कसा घडवला जातो, हे त्यांना दाखवायचं होतं. ऑर्वेलने पुढचं साल घेतलं, तेंडुलकरांनी मागचं.

दुसरी पायरी सोपी, पण तीच लोक गाळतात. पहिल्यांदा पाहताना वही उघडू नका, फोन हातात घेऊ नका, मध्ये थांबवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना एकच गोष्ट लिहा: कुठली वस्तू लक्षात राहिली? चेहरा नाही, वस्तू. बहुतेक वेळा यंत्राची किल्ली त्या वस्तूतच असते. आमच्या माडीवर ‘ब्राझील’नंतर पाच जणांनी पावती लिहिली होती.

तिसरी पायरी: आता दुसऱ्यांदा बघा, आणि कशाकशाला परवानगी लागते याची यादी करा. ‘घाशीराम’मध्ये ही यादी करताना हात दुखतो. कोतवाली हाती येताच घाशीराम रात्री रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाला हटकतो: परवाना कुठे आहे? सुईणीला बोलवायला निघालेल्यालाही परवाना हवा, प्रेत जाळायलाही हवा. जन्मापासून मरणापर्यंत सगळ्याच्या दारात एक कागद उभा राहतो. ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये परवाने फारसे दिसत नाहीत, कारण तिथे मागायची सोयच उरलेली नाही. विन्स्टन रोजनिशी लिहितो, तीही खोलीतल्या पडद्याला दिसणार नाही अशा कोनाड्यात दडून. इथे तुलनेचा पहिला धागा हाती येतो. एका राज्यात माणूस कागद मागत फिरतो, दुसऱ्यात तो काही मागणंच विसरला आहे.

वसईकरांनी या पायरीवर जरा जास्त रेंगाळावं. गोव्यातल्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायासनाने, 1736 मध्ये एक जाहीरनामा काढला. बाटलेल्या लोकांनी लग्नात आणि घरात काय करायचं नाही, याची ती लांबलचक यादी आहे. जुनी लग्नगीतं म्हणायची नाहीत, अंगणात तुळस लावायची नाही, ठरावीक तऱ्हेचे कपडे घालायचे नाहीत, आणि हिंदूंच्या रीतीने बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. भातातलं मीठ! कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय हा नियम पाळून घेता येत नाही. त्या न्यायासनाचा अधिकार तेव्हा वसईपर्यंत पोचत होता. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तोवर आपली ही पट्टी पोर्तुगीजांचीच होती. आजही आमच्याकडच्या सामवेदी ख्रिस्ती लग्नांत बायका आपल्या बोलीतली गाणी म्हणतात. ती ऐकताना मला नेहमी वाटतं, सर्वंकष सत्ता ओळखायची खूण ही. ती भातातल्या मिठापर्यंत येते, आणि इतक्या खोलवर आली तरी तिला गाणं मिटवता येईलच असं नाही.

चौथी पायरी: पाहतं कोण? ऑर्वेलच्या राज्यात भिंतीवरचा ‘टेलिस्क्रीन’ पाहतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारा दूरचित्रवाणीसंच. तो बंद करता येत नाही. सकाळच्या कवायतीत आपण वाकायला कमी पडलो तर आतून बाई ओरडते. इथे बहुतेक प्रेक्षक थांबतात आणि वहीत लिहितात: तंत्रज्ञान वाईट. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. ती टाळायची असेल तर याच पायरीवर तिसरा एक चित्रपट थोडा वेळ उसना घ्या: फ्लोरियन हेंकेल फॉन डोनर्समार्कचा ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ (2006).

तो डिस्टोपिया नाही, पूर्व जर्मनीतल्या खऱ्या गुप्त पोलिसांची, ‘श्टाझी’ची, कल्पित गोष्ट आहे. सुरुवातीलाच एका कैद्याला तळहात मांडीखाली दाबून तासन्‌तास खुर्चीत बसवतात. तो गेल्यावर खुर्चीच्या बैठकीवरचं कापड सोलून काढतात आणि लोणच्यासारखं काचेच्या बरणीत बंद करून ठेवतात. पुढेमागे कुत्र्यांना त्या माणसाचा वास द्यायला. बरणी, कापड, कुत्रा, एवढीच साधनं. आणि माळ्यावर कानाला यंत्र लावून बसलेला कॅप्टन वीसलर. तो मन लावून ऐकतो, आणि ऐकता ऐकता अहवालातून काही गोष्टी गाळू लागतो. माणूस पाहत असेल तर तो बदलूही शकतो, टेलिस्क्रीन बदलत नाही. भिंतीवरचं यंत्र आणि माळ्यावरचा माणूस यांतला हा फरक वहीत लिहून ठेवा.

आता ‘घाशीराम’कडे परत या आणि तोच प्रश्न विचारा. इथे ना पडदा, ना बरण्या. इथे आहे बारा जणांची रांग. पुण्याचे ब्राह्मण एका ओळीत उभे राहून डोलतात, गातात, क्षणात देवळातली गर्दी होतात, क्षणात भिंत. नानाचे चाळे सुरू होतात तेव्हा ते प्रेक्षकांकडे पाठ करतात आणि माणसांचा पडदा तयार होतो. सत्तेला दिसावं म्हणून यंत्र लावणं ही एक गोष्ट. सत्ता काय करते ते दिसू नये म्हणून चांगल्या घरच्या माणसांनी पाठ फिरवून उभं राहणं ही दुसरी. मी पाहिलेल्या कुठल्याही परदेशी दुःस्वप्नपटात मला याच्या तोडीची प्रतिमा सापडलेली नाही. भिंतीला चेहरे आहेत, आणि मधूनमधून ती वळून आपल्याकडे बघते.

पाचवी पायरी शब्दांची आणि आठवणींची. विन्स्टनची नोकरी काय, तर जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आजच्या सोयीप्रमाणे बदलून लिहिणं आणि मूळ कागद भट्टीत जाणाऱ्या भोकात टाकणं. त्यांच्याकडे नवी भाषाही घडवली जाते, ‘न्यूस्पीक’. दरवर्षी शब्दकोश बारीक होत जातो, कारण शब्दच नसला तर विचार कशात करणार? फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘फॅरनहाइट 451’ (1966) मध्ये अग्निशामक दल आग विझवत नाही, पुस्तकं जाळतं. त्या चित्रपटाची श्रेयनामावली पडद्यावर लिहून येत नाही, एक आवाज ती वाचून दाखवतो. पुस्तकं नसलेल्या जगात आपण पाऊल टाकलंय हे पहिल्या मिनिटालाच कळतं. हे पाहिलं नसेल तर चित्रपट पुन्हा सुरुवातीपासून लावा, कारण घाईत नामावली पुढे ढकलायची सवय आपल्याला असते.

सहावी पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि इथे घाई करू नये. विचारा: यात फायदा कुणाचा, आणि हत्यार कोण? ‘नाइन्टीन एटी-फोर’ या प्रश्नाला जवळजवळ उत्तरच देत नाही. तिथे सत्ता सत्तेसाठीच आहे. थोरला भाऊ म्हणून भिंतीभिंतीवर लावलेला चेहरा खऱ्या माणसाचा आहे की नाही, हेही कळत नाही. ‘घाशीराम’ मात्र हिशेब उलगडून दाखवतो. कनौजहून आलेला एक परका ब्राह्मण पुण्यात चोर ठरवला जातो, मार खातो, आणि सूडाची शपथ घेतो. कोतवालीच्या बदल्यात आपली मुलगी, ललितागौरी, नानाला देतो. नाना हुकुमावर सही करतो ती हे ओळखून की आता जे पाप घडेल त्याचा धनी घाशीराम ठरणार. मुलगी मरते. कोठडीत माणसं मरतात. जमाव वाड्यासमोर येतो तेव्हा नाना दुसऱ्या हुकुमावर सही करतो आणि घाशीरामला त्यांच्या हवाली करतो. आणि मग उत्सव जाहीर करतो.

दोन सह्या. एक नेमणुकीची, एक मरणाची, आणि हात तोच. आपल्या वहीत या दोन सह्या शेजारी शेजारी लिहा. मग ‘ब्राझील’मधला जॅक लिंट आठवा. तो नायकाचा जुना मित्र, हसतमुख, कुटुंबवत्सल. त्याच्या कचेरीत छोटी मुलगी खेळत असते, आणि त्याच्या अंगावरच्या कोटावर रक्ताचे डाग असतात. माणसांना छळणं ही त्याची नोकरी. घाशीरामला सूड हवा होता, जॅकला फक्त बढती हवी आहे. मला जॅकची भीती जास्त वाटते, कारण सूड कधीतरी थकतो.

सातवी पायरी रंग आणि शेवट. ‘नाइन्टीन एटी-फोर’ आजारी माणसाच्या कातडीसारखा फिकट दिसतो. छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने फिल्म धुताना तिच्यावरची चांदी काढून टाकली नाही, तशीच राहू दिली, म्हणून रंग मरगळलेले आले. ‘घाशीराम’मध्ये उलट: लावणी, कीर्तन, मृदंग, अबीर-गुलाल. इथे दडपशाही रंगीत आहे, नाचत येते. दुःस्वप्न करडंच असतं असं मानून बसलो तर हे नजरेतून निसटतं. शेवटाबद्दल एकच सांगते. ‘ब्राझील’च्या अमेरिकी स्टुडिओला गोड शेवट हवा होता आणि गिलियमने त्यासाठी उघड भांडण मांडलं. त्यामुळे आपल्या हाती आलेली प्रत छोटी, गोड शेवटाची नाही ना, ते आधी तपासून घ्या; नाहीतर वेगळाच चित्रपट पाहून आपण वाद घालत बसू.

आठवी आणि शेवटची पायरी, आपल्या अंगणात यायची. इथे दोन बाजूंनी घसरायला होतं. काही जण म्हणतात, हे तिकडचं, आपल्याकडे असलं काही नाही. काही जण प्रत्येक त्रासाला हुकूमशाही म्हणून मोकळे होतात. दोन्ही टाळायचं तर खऱ्या तारखा जवळ ठेवाव्यात. 25 जून 1975 ला आणीबाणी आली. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. अमृत नाहटांचा ‘किस्सा कुर्सी का’ सरकारने जप्त केला, त्याच्या मूळ निगेटिव्हसकट प्रती जाळल्या गेल्या. 1978 मध्ये तो नव्याने करावा लागला. त्यात ‘जनता’ नावाची मुकी स्त्री शबाना आझमींनी केली आहे. आणि ‘घाशीराम’ चित्रपट 1976 चा, म्हणजे ऐन आणीबाणीतला. हे साल माहीत असलं की परवान्यांचे प्रसंग वेगळे दिसतात.

याच पायरीवर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014) जरूर पाहा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. वीरा साथीदारांनी साकारलेला म्हातारा लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला. हा डिस्टोपिया नव्हे, हे आधी मान्य करा. आरोपीला वकील आहे, जामीनही मिळतो. पण जामीन मिळाल्यावर नव्या आरोपाखाली पुन्हा अटक होते. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण पुढे ढकलतात. सरकारी वकीलबाई गीतांजली कुलकर्णी. दिवसभर शिक्षेची मागणी करून त्या लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. त्यांच्यात मला माझ्या ओळखीच्या दहा बायका दिसल्या. जॅक लिंटशेजारी त्यांना ठेवा, आणि दोघांत नेमकं काय सारखं आणि काय अगदी वेगळं, ते शांतपणे लिहा. या एका तुलनेला आमच्या माडीवर दोन रविवार लागले.

चर्चेसाठी एक सूचना. चित्रपट संपल्यावर लगेच मतं मागू नका. आधी प्रत्येकाने फक्त आपली वस्तू सांगायची: पावती, बरणी, परवाना, कोनाडा. नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस पहिल्या दोन मिनिटांत निकाल लावतो आणि बाकीचे मान डोलवत बसतात.

मुलं असतील तर सत्यजित राय यांचा ‘हीरक राजार देशे’ (1980) निवडा. हिऱ्याच्या खाणींचा मालक असलेला राजा शाळा बंद करतो, पुस्तकं जाळतो, आणि मेंदू धुणाऱ्या यंत्रात प्रजेला कोंडून आपली स्तुती पाठ करून घेतो. त्या राज्यात सगळे यमकात बोलतात, शिक्षक उदयन सोडून. आम्ही तो गेल्या श्रावणात लावला. बंगाली कुणालाच येत नव्हती, म्हणून कॉलेजातला एक मुलगा खालची इंग्रजी अक्षरं वाचून तिथल्या तिथे मराठी करून सांगत होता, आणि राजाच्या दरबारातलं बोलणं मुलांसाठी ओढूनताणून यमकात बसवत होता. पोरं खिदळत होती. उदयनमास्तर बोलायला लागले तेव्हा त्याने साध्या वाक्यांत सांगायला सुरुवात केली. पुढे बसलेली दुसरीतली मुलगी मागे वळली आणि तिने विचारलं, “दादा, हे मास्तर आपल्यासारखं का बोलतात?”